आत्या हलली नव्हती

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला वाईच्या वाड्यात आम्ही ३४ जण जमलो होतो. चौकात खुर्च्यांची रांग, मागे उभ्यांची एक आणि त्यामागे ओसरीच्या पायऱ्यांवर तरण्या पोरांची. घरातल्या कार्यांचे फोटो मीच काढतो, त्यामुळे हा ग्रुप फोटोही माझ्याकडेच होता. आठवड्याने आत्याचा फोन आला. "मी हलले का रे तेव्हा? हलले असेन तर तसं सांग."

आत्या खुर्च्यांच्या रांगेत अगदी डावीकडे बसली होती. संगणकावर फोटो पूर्ण मोठा करून पाहिला, तर उजव्या टोकाच्या काकांच्या चष्म्याच्या काडीवरचा स्क्रू दिसत होता आणि आत्याच्या नथीचे मोती मात्र एकमेकांत मिसळून पांढरा ठिपका झाला होता. एडिटिंगमध्ये शार्पनेस वाढवून पाहिला. मोती सुटे झाले नाहीत, त्या ठिपक्याला काळी कड तेवढी आली.

मनाला फार लागलं. ग्रुप फोटोत प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो. ३४ जणांत एक चेहरा धूसर असेल, तर त्या एका माणसासाठी सगळा फोटोच बिघडलेला असतो.

पहिला संशय ॲपर्चरवर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत घेणाऱ्या भोकावर. एफ/४ ठेवलं होतं. एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं आणि शार्प येणारा पट्टा अरुंद. पण फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ३५ मिमीची लेन्स आणि माणसं सहा मीटरवर, असा हिशेब केला तर साधारण पावणेचार मीटरपासून साडेचौदा मीटरपर्यंत सगळं शार्प यायला हवं. हा हिशेब छोट्या प्रिंटसाठी असतो, म्हणून शार्प कशाला म्हणायचं हा निकष दुप्पट कडक करून पाहिला. तरी साडेचार ते साडेआठ मीटर हाताशी उरत होते. तिन्ही रांगा त्यात आरामात बसतात.

मग खुर्च्यांची मांडणी आठवली. सगळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत, या ऐकीव सल्ल्यावरून मी रांग धनुष्यासारखी वळवली होती. हा सल्ला मुळातच चुकीचा आहे, हे मला तेव्हा नीट कळलं. नेहमीच्या कॅमेरा लेन्सचा फोकस जवळपास काचेच्या तावदानासारखा सपाट पडतो आणि ते तावदान सेन्सरला समांतर असतं. रांग वळवली की टोकाची माणसं त्या तावदानाच्या पुढे येतात. माझ्या साडेपाच मीटरच्या रांगेत ती पाऊण मीटरच्या आसपास पुढे आली असणार. पण मग दोन्ही टोकं सारखीच बिघडायला हवी होती. इथे बिघडलं होतं एकच.

आणि आत्या हलली म्हणावं, तर तिच्या शेजारचा लाकडी खांबही तितकाच धूसर होता. त्याच्यावरच्या कोरीव वेलीची पानं ओळखू येत नव्हती. खांब काही हलत नाही.

रविवारी सोसायटीच्या मागच्या विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉड लावला. भिंत आणि कॅमेरा समांतर असणं महत्त्वाचं. त्यासाठी भिंतीला छोटा आरसा सपाट चिकटवला. आरशात आपलीच लेन्स फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसली की समजायचं, जमलं. आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, मधल्या विटेवर हाताने फोकस आणि मग एफ/२.८ पासून एफ/११ पर्यंत एकेक फोटो. उजवीकडे सिमेंटमधले वाळूचे कण दिसत होते. डावीकडे एफ/४ पर्यंत विटांच्या सांध्यांची रेघही पसरट होती. एफ/८ला बरंच सावरलं, पण उजवीची बरोबरी झाली नाही.

तरीही भिंत थोडी तिरकी लागली असेल, ही शंका उरतेच. म्हणून ट्रायपॉडचा मधला दांडा उलटा घालून कॅमेरा खाली डोकं वर पाय असा लटकवला, आरशाने पुन्हा जुळवला आणि तेच फोटो परत घेतले. दोष भिंतीच्या कोनात असता तर भिंतीचं तेच टोक धूसर राहिलं असतं. आता दुसरं टोक धूसर झालं, म्हणजे दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला. दुसरी लेन्स लावली तेव्हा दोन्ही बाजू स्वच्छ आल्या, म्हणजे कॅमेऱ्याची बॉडी निर्दोष. शेवटी जुन्या लेन्सने डाव्या कडेवरच फोकस केला. डावी बाजू लख्ख झाली आणि उजवी गेली! फोकसचं ते तावदानच बिजागरी ढिली झालेल्या दारासारखं कललं होतं.

तेव्हा आठवलं. कार्याच्या दोन महिने आधी एका गतिरोधकावर स्कूटरच्या फूटबोर्डवरून बॅग पडली होती. काचेला ओरखडा नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडली तर आतली एक काच जागेवर तिरकी झालेली निघाली.

आत्याला लगेच फोन केला. "आत्या, तू हलली नव्हतीस. खांबसुद्धा तुझ्यासारखाच आलाय." ती म्हणाली, "मग परत काढ. पण मी त्याच खुर्चीवर बसणार."

दिवाळीत पुन्हा वाड्यात जमलो. या वेळी २९ जण होते. रांगा सरळ लावल्या, दुसऱ्या रांगेतल्या चेहऱ्यावर फोकस ठेवला, एफ/८, शटर १/१६० सेकंद. एकाचे तरी डोळे मिटतात, म्हणून लागोपाठ दहा फोटो घेतले. "उठू नका रे कुणी," म्हणून सगळ्यांना बसवून ठेवलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मध्य आणि चारही कोपरे मोठे करून पाहिले. मागच्या रांगेतून भूक लागल्याचा आरडाओरडा सुरू झाला होता. सगळ्यात शेवटी डावी खुर्ची पाहिली. नथीचे मोती मोजता येत होते. मग सगळ्यांना फराळाला सोडलं.