एक टाळी उरली!

आज दुसरीच्या वर्गात पुस्तक उघडलंच नाही. शेजारच्या काकांकडून घुमट मागून आणलं होतं. 2019 साली गोव्याचं वारसा वाद्य ठरलेलं हे मडकं. तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता बकऱ्याचं. मुलांना अर्थात घोरपडीच्याच गोष्टीत रस!

फळ्यावर मीच जुळवलेल्या दोन ओळी लिहिल्या :
आला पाऊस पाऊस
पत्र्यावर वाजे ताशा

अष्टाक्षरी. एका अक्षराला एक टाळी, ओळीला आठ. पहिली ओळ फटाफट झाली. दुसरीत एक पोरगा अडखळला. घरी कोंकणी, शाळेत मराठी, त्यात जोडाक्षर म्हणजे त्याचा जन्माचा वैरी. तो वाचत होता, 'प-त-ऱ्या-व-र'. मी काही बोलले नाही, नुसतं घुमट वाजवत राहिले. तिसऱ्या खेपेला स्वतःच थांबला. "टीचर, एक टाळी उरली!" फळ्याजवळ गेला, 'त्र्या'वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे एकच काय?"

एकच, बाबा. महिनाभर खडू झिजवून मला हे समजावता आलं नव्हतं.

घुमट उद्या परत द्यायचंय. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी आलीय, काकांना आरतीला लागणार. बोटं मात्र अजून दुखतायत.