पाक थालेची मिठागरं: चमचा शोधू नका, चाल बघा

बँकॉकहून नैर्ऋत्येला निघालं की दोनेक तासांत फेचबुरी प्रांतातली मिठागरं लागतात. पाक थाले तिथलंच. इथे पक्षीवेडे लांबून येतात ते चिमणीएवढ्या एका पक्ष्यासाठी, चमच्यासारख्या चोचीच्या स्पून-बिल्ड सँडपायपरसाठी. रशियाच्या ईशान्य टोकाला, चुकोत्कात त्याची वीण होते आणि हिवाळ्यात तो इथवर उतरतो. जगात प्रौढ पक्षी आता काही शेच उरलेत.

भरतीला किनाऱ्यावरचा चिखल बुडतो आणि चिखलातले पक्षी मिठागरांत शिरतात, म्हणून आम्ही तीच वेळ साधली. स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, लावला तर समोर करड्या-पांढऱ्या पक्ष्यांचा नुसता सडा! बहुतेक रेड-नेक्ड स्टिंट, चिखलात चरणारे छोटे पक्षी. हिवाळ्यात त्यांची मान लाल नसतेच. अधूनमधून चिखले (प्लोव्हर).

ज्या चोचीवरून सँडपायपरला नाव पडलं, ती बाजूने साधी, काळी, सरळ दिसते. पक्ष्याने तोंड आपल्याकडे वळवलं तरच चमचा दिसतो, आणि चरताना चोच असते पाण्यात. त्यामुळे आधी चाल बघायची. स्टिंट शिलाई मशीनच्या सुईसारखा भराभर टिपत पळतो. हा मात्र मान खाली घालून, चोच पाण्यात बुडवून ती डावी-उजवीकडे फिरवत राहतो. कपाळ आणि छाती जास्त पांढरी, डोकं अंगाच्या मानाने मोठं. एवढं जुळलं की नजर हलवायची नाही.

पलीकडच्या वाफ्यात असाच एक पांढराशुभ्र दिसला. डोकं वर काढायचं नावच घेईना. मग एकदाचा थांबला, वळला, आणि टोकाशी पसरट झालेली ती चोच समोर आली! ओली, काळीभोर, कडेला चिखलाचा थेंब. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

एवढासा जीव हजारो किलोमीटर उडतो, आणि वाटेत पोट भरायला त्याला चीन आणि कोरियाच्या मधल्या पीत समुद्राचा चिखलकिनारा लागतो. तिथेच भराव पडत गेले. दक्षिण कोरियातल्या सेमांगुमची समुद्र अडवणारी ३३ किलोमीटरची भिंत २००६ मध्ये पुरी झाली आणि त्याचा एक मोठा थांबा गेला. शिवाय हिवाळी मुक्कामी जाळी लावून शिकार होते, ती वेगळीच.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, आणि स्कोप हवाच. नुसत्या दुर्बिणीवर हा पक्षी ओळखणं कठीण. फोटोसाठी बांधावरून पुढे सरकू नका. थवा उडाला की पक्ष्यांचं चरणं थांबतं, आणि परतीच्या प्रवासासाठी त्यांना इथेच चरबी साठवायची असते.