तो तपकिरी डाग होता तेच बरं होतं

मागच्या महिन्यात आमच्या वर्कशॉपमध्ये एक गंमत झाली, आता गंमत म्हणतोय पण तेव्हा डोक्यावर हात मारून घेतला होता. एका अॅसिडच्या टाकीच्या झाकणाला आतून तीन एमएमची टेफ्लॉन शीट चिकटवायची होती, शीट रेडी होती, इपॉक्सी पण चांगलं होतं, रात्रभर क्लॅम्प लावून ठेवलं आणि सकाळी कोपऱ्याला नख लावलं तर अख्खी शीट सोलून हातात आली, संत्र्याच्या सालीसारखी. गोंद सगळा झाकणावर, शीटवर काही म्हणजे काहीच नाही.

आधी सगळ्यांनी गोंदाला शिव्या घातल्या. मग शीट उलटी करून बघितली तर दोन्ही बाजू पांढऱ्याशुभ्र. म्हणलं अरे, तपकिरी बाजू कुठे गेली? तर नवीन आलेल्या पोराने सांगितलं, "सर, एका बाजूला डाग पडले होते ना, पॉलिश पेपर मारून साफ केले." आता त्याला काय बोलणार, कुणी सांगितलंच नव्हतं.

तर तो डाग म्हणजेच सगळा जीव होता. टेफ्लॉनमध्ये कार्बनच्या साखळीभोवती फ्लोरीनचं असं चिलखत असतं की पाणी, अॅसिड, गोंद, कुणालाच आत पकड मिळत नाही. पृष्ठभागाची ऊर्जा, म्हणजे द्रवाला ओढून पसरवायची ताकद, जेमतेम १८-२० डाइन (ती मोजायचं एकक), आणि पाण्याचा स्वतःला गोळा करून धरणारा पृष्ठताण ७२, म्हणून थेंब पसरतच नाही, गोळी होऊन पळतो. गोंदाचंही तसंच, नीट पसरलाच नाही तर धरणार काय? आणि नुसतं खरखरीत करूनही फारसं भागत नाही, हे त्या पोराने सिद्धच करून दाखवलं.

उपाय जरा जालीम आहे. सोडियम धातू नॅप्थॅलिनबरोबर (डांबरगोळीतलं रसायन) सॉल्व्हंटमध्ये विरघळवून काळपट हिरवं द्रावण करतात आणि शीट त्यात थोडा वेळ बुडवतात. सोडियम वरच्या थरातले फ्लोरीन अणू अक्षरशः ओढून काढतं, त्याचं सोडियम फ्लोराइड होऊन धुण्यात निघून जातं, आणि मागे उरतो कार्बनचा उघडा पडलेला थर, ज्यावर हवापाण्यातला ऑक्सिजन येऊन बसतो. त्याला इपॉक्सी मस्त धरतं. हाच तो तपकिरी रंग. जाडी मायक्रॉनपेक्षाही कमी असते, शीट कापली की आत तीच पांढरी. म्हणजे पॉलिश पेपरचे दोन हात मारले की संपलं.

उन्हाचंही तेच. यूव्हीने तो थर हळूहळू मरतो, रंग फिका पडला की पकड पण गेली समजा, म्हणून काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं. आणि ही सोडियमची प्रक्रिया, म्हणजे एचिंग, एकाच बाजूला हवं, कारण फ्लोरीन गेलेली बाजू केमिकलपुढे तेवढी टिकत नाही, ब्लीच तर तो रंग खाऊनच टाकतं. पांढरी बाजू अॅसिडकडे, तपकिरी गोंदाकडे.

प्लाझ्माने, म्हणजे विजेने चेतवलेल्या वायूने, पण करतात, त्यात सोडियमची आग-बिग भानगड नाही, पण टेफ्लॉनवर पकड सोडियमएवढी येत नाही आणि परिणाम दिवसेंदिवस ओसरतो, शिवाय मशीन आमच्या बजेटच्या बाहेर. एचिंगही आम्ही बाहेरूनच करून आणतो, ओलावा लागला की पेट घेणाऱ्या धातूशी आपल्या शेडमध्ये खेळायची माझी तरी हिंमत नाही.

घरी हे सांगितलं तर आईचा प्रश्न, "मग नॉनस्टिक तव्याला ते चिकटतं कसं?" बरोबर पकडलं तिने. तिथे टेफ्लॉनला नाही, अॅल्युमिनियमला खरवडतात, मग टेफ्लॉनचे कण मिसळलेला प्रायमर, म्हणजे खालचा पकड देणारा थर, देतात, आणि वरचा थर भट्टीत ३२७ अंशाच्या वर नेऊन वितळवून त्यात गुंतवतात. आमच्या जाड शीटला ते करता येत नाही.

नवीन शीट आली आहे. पोराने स्वतःच गुंडाळून ठेवली आणि वर मार्करने लिहिलंय, "डाग नाही. घासू नये."