देवडीत बसणं

भर दुपारी गडावरची सगळ्यात गार जागा कुठली, असं विचारलं तर कुणी टाक्याचा काठ सांगेल, कुणी देवळाचा सभामंडप. माझं मत देवडीला. दरवाज्याच्या कमानीतून आत शिरलं की दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांसाठी भिंतीत ओटे काढलेले असतात, त्या देवडीला. डोक्यावर दगड, पाठीला दगड, बुडाखाली दगड. ऊन बाहेरच्या वळणावरच अडतं आणि वारा तेवढा चिंचोळ्या वाटेनं जोर धरून आत येतो. एप्रिलातसुद्धा दहा मिनिटांत पाठीवरचा घाम वाळतो.

पण मित्रांच्या टोळक्याला देवडीत बसवून दाखवा! चढताना कुणी बसत नाही, कारण पुढे चालणाऱ्याचं पालुपद ठरलेलं असतं, "अरे चला, वर जाऊन बसू." वर सावली नसते. उतरताना कुणी बसत नाही, कारण लोकल गाठायची असते. मग ज्या दरवाज्यावर बांधणाऱ्यानं सगळी अक्कल खर्च केली, तो दोन फोटोंत उरकतो.

आपली ही खोड लहानपणापासूनची आहे. दिवाळीतला मातीचा किल्ला आठवा. विटा-दगड रचायचे, वर ओलं पोतं पांघरायचं, त्यावर चिखल थापायचा, हळीव फेकायचे, दिवसातून दोनदा हलक्या हातानं पाणी शिंपडायचं. पाणी जास्त झालं की एक अख्खी बाजू घसरून खाली येते आणि हळीव उगवायच्या आत डागडुजी सुरू होते. महाराजांचं सिंहासन पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. दरवाजा आठवतो शेवटच्या संध्याकाळी, आणि तो काड्यापेटीचा होतो.

दरवाजेच पाहायचे तर पुण्यामुंबईकरांना लोहगडासारखा सोयीचा गड नाही. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं, एक्स्प्रेस-वेवरचा पूल ओलांडून भाजे गाव गाठायचं. तिथून गायमुख खिंडीपर्यंत रमतगमत दीड-दोन तास. खिंडीत उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. उजवीकडे वळलं की लोहगडवाडी आणि वाडीतूनच पायऱ्या. गाडीनं थेट वाडीपर्यंत येता येतं, पण मग चढ अर्ध्या-पाऊण तासात संपतो आणि मंडळी साडेनऊलाच "आता काय?" म्हणून एकमेकांकडे बघत बसतात.

जेवण वाडीत चढतानाच सांगून ठेवावं, आणि माणसं नीट मोजून. दर वेळी गणित चुकतं ते एकाच ठिकाणी. दोघंतिघं म्हणतात, "आमचा डबा आहे, आमचं धरू नका." दुपारी पिठल्याचा वास आला की डबेवालेच पहिल्या पंगतीला. भाकरी ऐन वेळी थापून मिळते, पण एकेक करून, आणि तेवढ्यात तासभर जातो. तेव्हा डबेवाल्यांना धरूनच आकडा सांगावा. पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन, आणि त्यातली अर्धी बाटली उतरणीसाठी राखलेली. खाऊ पिशवीत घालून हातात धरू नये. लोहगडाची माकडं प्लॅस्टिकचा आवाज ओळखतात. पाठपिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात काही ठेवलंत तर ते तुमचं नाही, असं समजून चालावं.

पायऱ्या सुरू झाल्या की एकामागून एक चार दरवाजे लागतात, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. यातला हनुमान दरवाजा सगळ्यात जुना. बाकीच्या तिघांचं बांधकाम नाना फडणविसांचं सांगतात. वाट सापासारखी वळत जाते. खालच्या दरवाज्याशी उभं राहून मान वर केली की वरच्याची तटबंदी बरोबर डोक्यावर येते. म्हणजे पहिला दरवाजा फोडून आत घुसलेला माणूस सुटत नाही, तो अधिक वाईट जागी येऊन पोचतो. समोर भिंत, वर जंग्या, म्हणजे तटातून मारा करायची भोकं, मागून ढकलणारे आपलेच लोक, आणि पुढचा दरवाजा वळणापलीकडे, दिसतही नाही. दरवाज्यावर धडक द्यायला हत्तीला लांबून पळत यावं लागतं. इथे त्याला वळायलाच जागा नाही. पायऱ्यांची उंचीही एकसारखी नाही, पाय लयीत पडतच नाहीत.

ही युक्ती अजून चालते. पावसाळी रविवारी याच पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येऊन माणसं तासन्‌तास अडकून पडली आहेत. पुढे सरकता येत नाही, मागे फिरता येत नाही, वरून पाऊस. शत्रूसाठी केलेली व्यवस्था सहलीला तितक्याच चोख लागू पडली. जून ते ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी जायचंच असेल तर सकाळी आठच्या आत पहिल्या दरवाज्यात असावं, नाहीतर सरळ मंगळवार गाठावा.

आता देवडीत बसून काय बघायचं, तेही सांगतो, म्हणजे दहा मिनिटं सत्कारणी लागतील. दगडी चौकटीच्या आतल्या बाजूला, साधारण छातीच्या उंचीवर, भिंतीत एक चौकोनी भोक असतं. हात घाला, कोपरापर्यंत जाईल आणि तरी टोक लागणार नाही. समोरच्या भिंतीत त्याच उंचीवर तसंच भोक, पण वीतभरच खोल. ही अडसराची जागा. दार उघडं असताना जाड लाकडी अडसर पूर्णपणे पहिल्या भिंतीच्या पोटात सरकलेला असतो. दार लावलं की तो ओढून आडवा बाहेर काढायचा आणि टोक समोरच्या खळग्यात बसवायचं. बाहेरून कितीही धडका द्या, जोर दोन्ही भिंतींवर वाटला जातो. अडसर कुठे ठेवायचा, रात्री अंधारात तो सापडेल का, हे प्रश्नच उरत नाहीत.

मग कोपऱ्यात खाली बघा, उंबऱ्यालगत. दगडात वाटीएवढा गोल खळगा दिसेल आणि बरोबर त्याच्या वर, चौकटीच्या डोक्याशी, पुढे आलेल्या दगडाला आरपार भोक. जुन्या दरवाज्यांना आपल्यासारख्या बिजागऱ्या नसत. फळीच्या कडेच्या खांबाला वर-खाली टोकं काढलेली असत, ती या दोन भोकांत बसत आणि सगळा भार खालच्या खळग्यावर. त्यात माती-पालापाचोळा साठलेला असतो, तो काढून आत बोट फिरवलं तर कड गुळगुळीत लागते. ती गुळगुळीत कुणी घडवलेली नाही. पहाटे उघडणं आणि सांजेला लावणं, एवढ्यानंच दगड झिजलाय. गडावरच्या कुठल्याही शिलालेखापेक्षा मला हे जास्त बोलकं वाटतं, पण त्याचा फोटो चांगला येत नाही, हेही खरं.

महादरवाज्यावर मारुती कोरलेला आहे. तो ओलांडला की गड खरं म्हणजे पाहून झाला, असं माझं मत, पण ते कुणी ऐकत नाही. सगळ्यांना विंचूकाटा हवा असतो. गडाच्या कडेनं पुढे निघालेली ती लांब चिंचोळी माची वरून सुरेख दिसते, समोर पवना धरणाचं पाणी, पलीकडे तुंग आणि तिकोना हे गड. तिकडे जाताना मधे खडकाचा एक टप्पा उतरावा लागतो. कोरड्या दिवसांत काही नाही. पावसात त्यावर शेवाळ असतं आणि धुक्यात परतीची जागा सापडत नाही. पुढे गेलेले मागे हाका मारतात, मागचे "आलो आलो" म्हणतात, आणि तासभर कुणीच कुणाला भेटत नाही. धुकं असेल तर तिघांहून जास्त माणसं एकदम सोडू नयेत, आणि शेवटचा माणूस वाट माहीत असलेला असावा. पहिल्याला माहीत असून उपयोग नाही, तो हौसेनं पळतो.

उतरण्याआधी बुटांच्या नाड्या पुन्हा आवळाव्यात, टाच मागे घट्ट बसेल अशा. चढताना सैल झालेला बूट उतरताना पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं आदल्या रात्री कापलेली बरी. उंच पायरी समोरून न उतरता जरा तिरकं होऊन उतरावी, गुडघे दुवा देतात. हे सगळं सांगितलं तरी कुणी ऐकत नाही, आणि सोमवारी ऑफिसात जिना उतरताना सगळे कठडा धरतात.

इतक्या बेरकीपणानं बांधलेल्या या चार दरवाज्यांवर अखेरचा प्रसंग आला तेव्हा ते फोडायची वेळच कुणावर आली नाही. 1818 च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी शेजारचा विसापूर घेतला. विसापूर लोहगडाहून उंच. तिथून तोफा रोखल्यावर खालच्या वळणांना काही अर्थ उरला नाही, गड सोडावा लागला. लोहगडाचे दरवाजे म्हणून जाग्यावर आहेत. विसापूरचे मात्र सुरुंग लावून उडवले.

परतताना खिंडीत कुणीतरी म्हणतंच, "पुढच्या वेळी विसापूर." जरूर जावं. वर तटबंदी भक्कम आहे, टाकी आहेत, पठार तर मैलभर. मात्र भाज्याच्या बाजूनं रानात वाट फुटते आणि खाणाखुणा पावसाळ्यानंतर गवतात बुडालेल्या असतात. गावातला माणूस बरोबर घ्यावा, मोबाइलवरचा नकाशा नव्हे. आणि परतीच्या लोकलची वेळ आधीच बघून ठेवावी, दुपारच्या लोकल विरळ असतात.