फोन लावण्यापूर्वीची पंधरा मिनिटे

आज एका ग्राहकाला फोन करून आमच्या हिशेबातली चूक मी स्वतःहून सांगितली. ती त्यांच्या लक्षात आली नव्हती आणि कदाचित कधी आलीही नसती. फोन लावण्यापूर्वी पंधरा मिनिटे मी नुसता बसून होतो, हेही कबूल करतो.

तेव्हा मला जेम्स बर्क आठवले. १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात माणसे दगावली, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख असलेल्या बर्क यांच्या काळात कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. ग्राहकाला भागधारकाच्या आधी ठेवणारे ध्येयपत्र त्या कंपनीत १९४३ पासून होते. अर्थात असा कागद बहुतेक कार्यालयांच्या भिंतीवर असतोच. बर्क यांनी मात्र संकटाच्या कितीतरी आधी वरिष्ठ अधिकाऱ्यांना एकत्र बसवून, हे पाळायचे नसेल तर भिंतीवरून उतरवू या, असा वाद मुद्दाम घडवून आणला होता. मला ती बैठक बाटल्या परत मागवण्यापेक्षाही अवघड वाटते.

आमचे ग्राहक क्षणभर गप्प राहिले आणि सुधारित हिशेब उद्या सकाळपर्यंत पाठवा, एवढेच म्हणाले. तो अजून पूर्ण व्हायचा आहे.