तुम्ही विचारलंत म्हणून: अपडेट आलंय, करू का?

महिन्यातला पहिला बुधवार उलटला की माझा फोन वाजायला लागतो. होम असिस्टंट, म्हणजे घरातले दिवे-सेन्सर एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर, त्याची नवी आवृत्ती त्या दिवशी येते आणि गुरुवारी सकाळी कुणी ना कुणी स्क्रीनशॉट पाठवून विचारतंच, “अपडेट आलंय, करू का?” काही जण माझ्या नवऱ्याला विचारतात. तो न वाचताच मेसेज माझ्याकडे ढकलतो. घरातली ही सगळी यंत्रणा मी बसवली आहे हे लोकांच्या लक्षात राहत नाही, त्याच्या बरोबर राहतं.

आजवर मी ठरलेलं उत्तर देत आले: “बॅकअप घेऊन करा.” उत्तर चुकीचं नाही. पण त्या रात्री मीही बॅकअप घेऊनच केलं होतं.

सात महिने मी अपडेटला हात लावला नव्हता. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची, असं माझं तेव्हाचं म्हणणं, आणि ते मी लोकांना ऐटीत सांगायचेसुद्धा. मग एक नवा सेन्सर आणला, तो जुन्या आवृत्तीला ओळखता येईना. रात्री साडेअकराला, सगळे झोपल्यावर, सात महिन्यांची उडी एकदम मारायची ठरवली. ‘आधी बॅकअप घ्या’ची खूण केली, बटण दाबलं.

नवी आवृत्ती सुरू झाली आणि डेटाबेस बदलायला लागली. प्रत्येक खोलीचं तापमान, प्रत्येक दार उघडल्याची नोंद, सगळा इतिहास नव्या साच्यात ओतला जात होता. माझ्याकडे त्याची फाइल अवाढव्य झालेली, कारण नको त्या नोंदी मी कधी बंदच केल्या नव्हत्या. हे काम चालू असताना यंत्र बंद करू नका, अशी सूचना येते. मलाही आली. मी वाचली. पण वीस मिनिटं झाली, पान धड उघडेना, दिवे ऐकेनात, तेव्हा मी स्वतःला समजावलं की हे अडकलंय, आता त्या सूचनेचा काही संबंध नाही. आणि हे सगळं ज्या छोट्या संगणकावर चालतं, त्या रास्पबेरी पायची वायर उपटली.

परत लावली तेव्हा लाल दिवा लागला. हिरवा लुकलुकलाच नाही. त्यातलं मेमरी कार्ड गेलं होतं. बॅकअप कुठे होता? त्याच कार्डावर.

सॉफ्टवेअरचा यात काही दोष नव्हता, ते सांगितलेलं काम करत होतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचे कित्येक दिवस मी सगळ्यांना “अपडेटनं घात केला” असंच सांगत होते.

सकाळी बघू म्हणून झोपले. पाचला पाणी प्यायला उठले तर सासूबाई पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसलेल्या. अंधारात. त्यांच्या खोलीबाहेरच्या बोळात मी स्मार्ट बल्ब लावलाय. रात्री पाऊल पडलं की सेन्सर तो मंद लावतो. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं तर बल्बची वीजच जाते, म्हणून बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवली होती. रात्री दोनला त्या बाथरूमला जायला उठल्या, दारात उभ्या राहिल्या, हात हलवून पाहिला. दिवा लागला नाही. मागे एकदा पडल्यापासून त्या अंधारात पाऊल टाकत नाहीत. तशाच परत येऊन बसल्या.

“आई, बटण का नाही दाबलंत? मला हाक तरी मारायची.”

“तू सांगितलं होतंस ना, त्याला हात लावायचा नाही. आणि तू मगाशीच झोपलेली.”

ते बटण एकदा बंद करून चालू केलं असतं तरी दिवा लागला असता. असे बहुतेक झिगबी (बिनतारी जोडणीचे) बल्ब वीज परत आली की आपले आपण पेटतात, हब, म्हणजे तो छोटा संगणक, मेलेला असला तरी. हे मला माहीत होतं. त्यांना मी फक्त हात लावू नका एवढंच सांगितलं होतं.

चिकटपट्टी काढायला गेले तर तिच्याबरोबर भिंतीचा रंग निघून आला. तो ओरखडा अजून आहे.

उरलेलं पटकन सांगते, कारण त्यात नुसती हमाली आहे. नवं कार्ड, नवी मांडणी, चौतीस उपकरणं पुन्हा एकेक करून जोडणं. काही बल्ब सहा वेळा बंद-चालू केल्याशिवाय जुनं विसरत नाहीत, आणि पाचव्या वेळी गडबड झाली की परत एकपासून. स्टुलावर उभं राहून मोजताना नवऱ्यानं “चहा घेणार का?” विचारलं, तेव्हा मी काय बोलले ते इथे नको.

तर, करू का? पॉइंट शून्यवाली, म्हणजे महिन्याची पहिली, आवृत्ती मी करत नाही. पाठोपाठ पॉइंट एक, पॉइंट दोन अशा दुरुस्त्या येतात, तोवर थांबते. काय बदललं, काय आता चालणार नाही, याची यादी दर वेळी असते. त्यात माझ्या घरी असलेल्या गोष्टी शोधते. हॅक्सवरून, म्हणजे वापरणाऱ्यांनीच बनवलेल्या गोष्टींच्या संग्रहातून, आणलेल्या जोडण्यांवर माझा सगळ्यात कमी भरवसा, त्या आधी तपासते. ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट वेगळ्या दिवशी. तिच्या दोन जागा असतात, नवी बिघडली तर जुनीवर परत जाता येतं. कोरचं, म्हणजे मूळ होम असिस्टंटचं, तसं नाही. डेटाबेस नव्या साच्यात गेला की जुन्या आवृत्तीशी त्याचं जमेल याचा भरवसा नाही, परतीची वाट बॅकअपमधूनच. तो आता दुसऱ्या यंत्रावर जातो. 2025.1 या आवृत्तीपासून आपोआप होणारे बॅकअप, आपण ते बंद केलं नाही तर, कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) असतात. त्याची किल्ली मी कागदावर लिहून ठेवली आणि एकदा दुसऱ्या कार्डावर सगळं उतरवून पाहिलं. बरं झालं पाहिलं. लिहिताना एक अक्षर चुकलं होतं.

यावर काही जण म्हणतात, एवढी कटकट असेल तर अपडेटच नको. तेच माझं जुनं म्हणणं, आणि मला ते अजूनही अधूनमधून पटतं. पण मार्च 2023 मध्ये सुपरवायझरमधली, म्हणजे होम असिस्टंटला सांभाळणाऱ्या भागातली, एक फट उघड झाली. लॉगिन न करता बाहेरून आत शिरता येत होतं, गंभीरता दहापैकी दहा. सुपरवायझर आपला आपण अपडेट होतो म्हणून बहुतेकांच्या घरी दुरुस्ती न विचारताच पोचली. माझ्यासारख्या, कशाला हात न लावणाऱ्या बाईच्या घरीसुद्धा. आपोआप होणाऱ्या अपडेटना मी तोपर्यंत शिव्या देत होते. त्या पूर्ण मागे घेतलेल्या नाहीत.

आणि मी सांगते तसं दर वेळी वागते का? या घडीला माझी दोन अपडेटं तुंबली आहेत. एकाची यादी वाचून झाली, दुसऱ्याची नाही. शनिवारी सकाळी, सगळे जागे असताना करेन म्हणते.

बोळातला बल्ब काढून साधा लावलाय, भिंतीवरच्या बटणाचा. तरी मी रात्री लॅपटॉप उघडून बसलेली दिसले की आई विचारतात, “आज काही करणार आहेस का?” नाही म्हटलं तरी टॉर्च उशाशी घेऊनच झोपतात.