शटरवरची चिठ्ठी

११ ऑगस्टला माझ्या सँडलचा पट्टा तुटला. तुटला तर तुटला, पण इटलीत ऑगस्टच्या मध्यावर काही तुटू द्यायचं नसतं. नळ नाही, चष्मा नाही, दात तर अजिबातच नाही. हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. तरी एक पाय घासत, तीन जिने उतरून, गल्लीच्या टोकाच्या चपला-बूट दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. शटर खाली, आणि शटरवर चिठ्ठी. वहीचा चौकटीचा कागद, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, निळ्या बॉलपेनने लिहिलेलं: क्यूझो पेर फेरिए. सुट्टीनिमित्त बंद. १ सप्टेंबरला उघडेल, सर्वांना सुट्टीच्या शुभेच्छा. खाली एक सूर्य काढलेला, आणि त्या सूर्याला गॉगल.

हे बोलोन्या शहर. इथल्या रस्त्यांच्या कडेने कमानींचे व्हरांडे आहेत, त्यांना पोर्तिको म्हणतात. सगळे जोडले तर ६२ किलोमीटर भरतात, आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीतही लागले. नव्या घराला पोर्तिको हवाच, असा नियम शहराने १२८८ मध्ये केला होता. माझ्यापुरता त्यांचा उपयोग एवढाच की ऑगस्टच्या उन्हात सावलीतून शेवटपर्यंत जाता येतं आणि शटरांवरच्या चिठ्ठ्या निवांत वाचता येतात. सावलीमुळे त्यांची शाईही फारशी उडत नाही.

आणि मी त्या वाचते. कुणी वर्तमानपत्रात निविदा द्यावी तसं टाइप करून लावलेलं असतं. कुणी फक्त तारखा लिहितं, जणू कारण विचारायची तुमची काय बिशाद. बेकरीवाल्या बाईंनी पोरीकडून लिहून घेतलं असावं, कारण अक्षराभोवती मासे आहेत. औषधाच्या दुकानावर मात्र सध्या कुठलं दुकान चालू आहे त्याचा पत्ता असतो, तेवढी माणुसकी शिल्लक आहे. (दुपारी १ ते ४ चा पुणेरी विनोद इथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात सुचतो, म्हणून मी तो करत नाही.)

या सगळ्याचं मूळ थेट सम्राट ऑगस्टसपाशी जातं म्हणे. इसवी सनापूर्वी १८ मध्ये त्याने सुट्टी जाहीर केली, ती ‘फेरिए ऑगुस्ती’, आणि त्याचंच पुढे १५ ऑगस्टचं ‘फेर्रागोस्तो’ झालं. रोमचा सम्राट एवढं सुट्टीचं घालून गेल्यावर बेकरीवाली बाई ती मोडेल कशाला? पण या फेरिए शब्दाने मला एकदा चांगलंच फसवलं आहे. इथे नवी होते तेव्हा बसच्या वेळापत्रकावर ‘फेरियाले’ असा रकाना दिसला. फेरिए म्हणजे सुट्टी, म्हणजे हा सुट्टीच्या दिवसाचा रकाना, असं गणित मांडून मी रविवारी तासभर थांब्यावर उभी. फेरियाले म्हणजे कामाचा दिवस! सुट्टीच्या शब्दातून कामाचा दिवस काढणारी भाषा शिकायला बसलो आहोत, हे त्या दिवशी कळलं आणि मी पायी घरी आले.

शेजारच्या सिन्योरांचं (इथे बाईंना सिन्योरा म्हणतात) वय ऐंशीच्या पुढे. त्या दर ऑगस्टला बहिणीकडे रिमिनीला, समुद्रावर जातात आणि घराची किल्ली माझ्याकडे देतात, झाडांना पाणी घालायला. किल्ली देताना सूचना असतात. तुळशीला संध्याकाळी, जिरेनियमला जास्त नको, आणि जास्वंदीशी जरा बोलायचं. वर एक म्हण: प्रिमो दागोस्तो, कापो दिन्वेर्नो. ऑगस्टची पहिली तारीख म्हणजे हिवाळ्याची सुरुवात. बाहेर ३८ अंश, सिन्योरांच्या कपाळावर घामाचे थेंब, आणि ही म्हण. मी हसले, त्या हसल्या नाहीत.

त्यांना स्टेशनवर सोडायला मी जाते. तिथल्या प्रतीक्षालयाच्या बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबवून ठेवलं आहे. २ ऑगस्ट १९८०, शनिवार, सुट्टीला निघालेल्यांची गर्दी, आणि तिथे ठेवलेला बॉम्ब. ८५ माणसं गेली. सिन्योरा घड्याळाकडे एकदा बघतात, बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतात आणि फलाटाकडे चालू लागतात. मीही काही विचारत नाही.

मग पंधरा-वीस दिवस गल्ली माझी आणि कोपऱ्यावरच्या बांगलादेशी दुकानदाराची. त्याच्या शटरला चिठ्ठी कधीच नसते. मला आपा म्हणतो, हिंदीत बोलतो, आणि अख्ख्या गल्लीला दूध, कांदे, बल्ब तोच पुरवतो. ‘तू नाही जात कुठे?’ असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, ‘आपा, सब चला जाएगा तो टमाटर कौन बेचेगा?’ मला त्याच्याकडून टोमॅटो नको होते, सुतळी हवी होती. सँडल पायाला बांधायला.

त्यात २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला. म्हणजे ऐन चिठ्ठ्यांच्या दिवसांत. तांदळाचं पीठ इथे सुपरमार्केटात मिळतं, त्याची उकड जरा हट्टी होते पण होते. नारळ कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दिला, फोडून बघून दिला. फुलांचं काय? फुलवाली थेट ३१ पर्यंत बंद, चिठ्ठीत ‘चाओ’ लिहून गेलेली. मी सिन्योरांच्या बाल्कनीत पाणी घालायला गेले तर जास्वंदीला एक लालभडक फूल. एकच. तिच्याशी रोज बोलत होते, तीन दिवसांपासून तर मराठीतच बोलत होते, त्यामुळे थोडा हक्क वाटला. तोडलं. दुसऱ्या दिवशी बादलीत विसर्जन केलं आणि ते पाणी त्याच जास्वंदीला घातलं, तेवढीच परतफेड. सिन्योरा आल्यावर कबूलही केलं. त्यांनी गणपतीचा फोटो चष्मा वर करून नीट पाहिला आणि म्हणाल्या, ‘जास्वंदीचं फूल एका दिवसाचं असतं. चांगल्या ठिकाणी गेलं.’ मग विचारलं, ‘हा एवढा जाडा, रोज काय खातो?’

उन्हाळा संपला हे इथे मला हवेवरून कळत नाही, आवाजावरून कळतं. १ सप्टेंबर, सोमवार, सकाळी साडेसात. खड्ड्ड करून एक शटर वर. मग दुसरं. अंथरुणात पडल्या पडल्या मी ओळखत होते: ही बेकरी, हा पेपरवाला, हे गंजलेलं म्हणजे काकांचं. खाली उतरले तर गल्लीभर तांबूस-तपकिरी माणसं. सगळे एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, कुठे गेला होतात? समुद्र की डोंगर? मी कुठेच गेले नव्हते, असं सांगितलं की समोरचा माणूस काळजीने बघतो, आजारी होतीस का? म्हणून आता मी सांगते, घरीच होते, आमचा सण होता. माझ्या रंगाकडे बघून कॉफीवाला म्हणतो, तुला काय, तू बारा महिने समुद्रावरूनच आल्यासारखी. या वाक्यावर रागवायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

चिठ्ठ्या निघाल्या, चिकटपट्टीचे कोपरे मात्र शटरांवर राहिले. आणि आठवड्याभरात पोर्तिकोच्या खांबांवर नवे कागद लागले. हे विद्यार्थ्यांचे. १०८८ पासून चालत आलेलं विद्यापीठ आहे, पण खोल्या काही १०८८ पासून वाढलेल्या दिसत नाहीत. ‘खोली हवी’, ‘शांत मुलगी’, ‘सिगरेट ओढत नाही’, ‘ओढते पण बाल्कनीत’. खाली फोन नंबरच्या उभ्या पट्ट्या, फाडून न्यायला कात्रीने कापून ठेवलेल्या. एका कागदाच्या सगळ्या पट्ट्या शाबूत होत्या. त्यावर त्या मुलाने ‘स्वयंपाक उत्तम येतो’ असं लिहिलं होतं. दोन दिवसांनी त्याखाली पेनने जोडलं होतं, ‘भांडीही घासतो’. मी एक पट्टी फाडली. माझ्याकडे द्यायला खोली नाही, पण सगळ्या पट्ट्या तशाच राहणं मला बघवेना. आता वाटतं, त्याला उगाच आशा लागली असेल.

सँडल मी १ तारखेलाच दिली होती. एकच, तुटलेली. काकांनी पट्टा ओढून बघितला, सुतळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि अर्धी फाडलेली लाल चिठ्ठी हातात दिली, नंबर ४७. गुरुवारी या. गुरुवारी काहीतरी काम निघालं. पुढच्या आठवड्यात पाऊस लागला. मग शाळा सुरू झाल्या, सिन्योरांनी जाडी पांघरुणं बाल्कनीत टाकली, आणि इमारतीच्या दारात व्यवस्थापकाची छापील सूचना लागली की हीटर नियमाप्रमाणे १५ ऑक्टोबरपासून सुरू होतील, दिवसाला जास्तीत जास्त १४ तास. त्याच संध्याकाळी पावसाळी जाकिटाच्या खिशात हात घातला, तर ४७.

काका मला विसरले नव्हते. लाल चिठ्ठीकडे न बघताच त्यांनी मागच्या फळीवरून सँडल काढली. पट्टा असा शिवला होता की जुनी बाजू कुठली ते कळू नये. मग काउंटरवरून वाकून माझे भिजलेले बूट पाहिले. ‘आत्ता?’ म्हणाले. ‘आता हे आणायचे, सिन्योरा.’

सँडल त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. घरी आले तर तिची जोडीदारीण दाराशी, दीड महिन्याची धूळ घेऊन एकटी बसलेली. कागद उलगडला. पान ऑगस्टमधलं होतं, त्यावर किनाऱ्यावर ओळीने उघडलेल्या छत्र्यांचा मोठा फोटो. दुसरी सँडल पुसून पहिलीशेजारी ठेवली, तेच पान पुन्हा भोवती गुंडाळलं आणि कपाटावरच्या खोक्यात वर सारलं.